नळीची जबानी

याचिकेवर पहिलं नाव मंदाकिनी भिवा गवस यांचं होतं. ते आपलंच का, हा प्रश्न मंदाकिनीला पडायला चार महिने लागले.

याचिका केंद्र सरकारविरुद्ध होती. पूर्वी दोन परवानाधारकांमधला बंदुकीचा व्यवहार सरळ होता. विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, ठरलेली मुदत थांबायचं आणि बंदूक घेणाऱ्याच्या परवान्यावर चढवायची. गेल्या वर्षी केंद्रानं नियमांत एक पोटकलम घातलं. यापुढे यंत्रानं नळी वाचून घेतल्याखेरीज कोणतीही बंदूक एका खासगी माणसाकडून दुसऱ्याकडे जाणार नव्हती, आणि ते वाचन दिल्लीच्या दप्तरात कायमचं राहणार होतं.

पाटकुळे हे घाटाखालचं गाव. तीन वाड्या, मधून नदी, वर काजूच्या बागा आणि त्यांना लागून राखीव जंगल. गावात अकरा बंदुका, सगळ्या एकनळी, सगळ्यांचे परवाने शेतीसंरक्षणाचे. त्यांतली एक भिवा गवसची. भिवा दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला आणि परवाना वारसाहक्कानं मंदाकिनीच्या नावावर झाला. तिला बंदूक नको होती. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं ती फक्त पुसली होती. भिवाचा चुलतभाऊ पुंडलिक ती घ्यायला तयार झाला. पुंडलिक गावचा पोलीस पाटील आणि जिल्ह्याच्या बंदूकधारक संघाचा चिटणीस. व्यवहार ठरला, अर्ज गेला आणि तालुक्याहून उत्तर आलं, आधी नळी वाचून आणा.

त्याच आठवड्यात पुंडलिक तिच्या पडवीत येऊन बसला.

"वैनी, कोर्टात तुमचा नाव पुढे घालूया म्हणतंय. एकटी बाई, साधी बंदूक, घरातल्या घरात विक्री. न्यायाधीशाक लगेच पटात."

"माका कोर्टातला काय कळता, भावजी? त्यापरास नळी वाचून घेवया आनि मोकळे होवया."

"आज बंदुकीच्या कानात काडी घालतत, उद्या माणसाच्या घालतीत," पुंडलिक हसून म्हणाला. "तुमी फक्त सही करा. बाकी वकील बघता."

तिनं सही केली. संघाच्या खर्चानं वकील मिळत होता, आणि पुंडलिक घरचाच माणूस होता.

यंत्राचं सरकारी नाव 'नळीवाचक'. गावात त्याला कानकोरणं म्हणत, कारण दिसायला ते तसंच होतं. हातभर लांब बारीक सळई आणि टोकाला मोहरीएवढं भिंग. तालुक्याच्या सभागृहात त्याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा मंदाकिनी मुद्दाम गेली. सरकारी प्रयोगशाळेतल्या नाझनीन मुजावर नावाच्या तंत्रज्ञ बाईंनी एक जुनी नळी टेबलावर ठेवली आणि समजावून सांगितलं.

काडतूस उडालं की नळीच्या आत शिसं, अँटिमनी आणि बेरियम यांचा अत्यंत पातळ थर बसतो. ब्रश मारला, तेल लावलं की वरचं निघून जातं. पण पोलादाला डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात, त्यांच्या तळाशी तो थर टिकतो. मग त्यावर हवेतल्या ओलाव्यानं गंज चढतो. पावसाळ्यात जाड, थंडीत पातळ. पुन्हा बार उडाला की गंजावर शिशाचा नवा थर. सळईच्या टोकातून लेसरचा किरण एका खड्ड्यात सोडला जातो. तो एकेक थर टिंबाटिंबानं जाळत खाली उतरतो, आणि निघालेल्या वाफेच्या प्रकाशावरून यंत्र त्यातली द्रव्यं ओळखतं. असे चारशे खड्डे वाचून त्यांचा मेळ घातला की त्या नळीचं पंचांग तयार होतं.

"झाडाचं खोड कापलं की आतली वर्तुळं मोजून वय सांगतात ना, तसंच," मुजावरबाई म्हणाल्या.

"मगे माझ्या बायलेक वाचून दाखवा," मागून कोणीतरी म्हणालं. "ती कधी कधी उडता ता माका आधी कळाक होया."

सभागृह हसलं. हसणं थांबल्यावर मंदाकिनी उभी राहिली.

"बार कधी उडाला ते कळतं म्हणता. कोणी उडवला ते?"

"नाही, ताई. माणूस नळीत उमटत नाही. फक्त कधी, तेही आठ-दहा दिवस इकडे-तिकडे. आणि छर्रे कोणत्या ओतातल्या, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या, शिशाचे होते, ते. प्रत्येक ओतात अँटिमनीचं प्रमाण थोडं वेगळं पडतं."

पहिल्या रांगेत बसलेल्या पुंडलिकनं वळून पाहिलं. परत येताना एसटीत तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "वैनी, कोणी उडवलो ह्या कित्याक विचारलात?"

"सहज."

"सहज काय विचारू नये."

त्या वाक्यानं मंदाकिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आचारसंहिता संपेपर्यंत. पाटकुळ्यात त्याची एक जुनी रीत होती आणि ती अकरा घरांबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. दीड-दोन महिने गावात एकही बंदूक नसली तर डुकरं बाग उकरून ठेवतात. म्हणून दर निवडणुकीत एका घराची बंदूक मागे राहायची. पोलीस पाटील बाकीच्या दहा आणि एका जुनाट, निकामी बंदुकीचा सांगाडा गोणपाटात गुंडाळून जीपमधून न्यायचा आणि अकरा पावत्या घेऊन यायचा. ठाण्यात गोणपाट उघडून कोणी बघत नसे. कोणाची बंदूक मागे ठेवायची, त्याची पाळी लागलेली असे. पाळीची बंदूक त्या घराच्या गोठ्याच्या माळ्यावर ठेवायची. ज्याच्या बागेत डुकरं उतरतील त्यानं ती न्यायची आणि काम झालं की परत आणून ठेवायची. कोणी नेली, कोणी आणली, हे विचारायचं नाही. विचारलं नाही म्हणजे उद्या शपथेवर सांगायची वेळ येत नाही.

सहा वर्षांपूर्वी, काजूच्या ऐन हंगामात, झेडपीची निवडणूक लागली. त्या वेळी पाळी गवसांची होती.

त्याच आचारसंहितेत दिगंबर नाटेकर नावाचा वनरक्षक बागांच्या वरच्या अंगाला छर्रे लागून मेला. परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा असल्याच्या पावत्या होत्या. तेव्हा पोलिसांनी बिनपरवाना बंदूक शोधली आणि ती त्यांना जानू घाडीच्या झोपडीत सापडली. जानू बागा राखायचा, घरी जोडलेली एक ठासणीची नळी बाळगायचा. दिगंबरनं त्याला एकदा सशाच्या फासावरून ठाण्यात नेलं होतं. एवढं पुरलं. जानूला जन्मठेप झाली.

तेव्हा मंदाकिनी गावात नव्हती. मुलीच्या बाळंतपणाला मडगावला होती. परत आली तेव्हा बंदूक माळ्यावरच होती आणि भिवा गप्प होता. वनरक्षक गेल्यानं सगळं गावच गप्प होतं, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही.

जानूची बायको आनंदी अजूनही दर वर्षी मंदाकिनीच्या बागेत बोंडं वेचायला यायची. यंदा वेचता वेचता ती मान वर न करता म्हणाली, "वैनीनूं, ता मशीन जुन्या बारांचा सांगता म्हणतत. खरां काय?"

"सांगता म्हणे."

"मगे तुमी कोर्टात ता नको म्हणून गेलात, ता कित्याक?"

मंदाकिनीनं हातातल्या बोंडाची बी पिळून काढली. आनंदीनं पाटी उचलली आणि पुढच्या झाडाखाली गेली. तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच ते माहीत करून घ्यायचं होतं.

केळुसकर वकिलांचं कार्यालय कोल्हापुरात होतं. माणूस सरळ होता आणि मुद्दे पक्के होते. मूळ कायदा विकणाऱ्याला फक्त सूचना द्यायला सांगतो. नियम करून त्यात झडती घुसवता येत नाही. शिवाय राज्यघटना कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करत नाही. सरकार म्हणणार, बोटाचे ठसे घेतले म्हणजे साक्ष घेतली असं होत नाही, तशीच ही नळी. "आपण म्हणायचं, ठसा एका क्षणाचा असतो. हे यंत्र माणसाच्या वीस वर्षांच्या वागण्याची जबानी घेतं, तीही कसला गुन्हा नोंदलेला नसताना. मुद्दा मोठा आहे, ताई. देशभर याकडे लक्ष आहे."

"आणि हे काय?" मंदाकिनीनं समोरचा कागद पुढे ओढला.

"प्रतिज्ञापत्र. सरकार विचारणार, लपवायचं काय आहे? म्हणून आपण आधीच पावत्या जोडतो. कलम सात बघा. प्रत्येक निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती."

कलम सातमध्ये चार निवडणुका होत्या. तिसरी झेडपीची. पावतीवर जमा करणारा म्हणून सही पुंडलिकची.

"पावत्या जोडायचं कोणी सुचवलं?"

"चिटणीसांनीच. का?"

"वाचून सही करते. घरी नेते," ती म्हणाली.

जिल्ह्यात अशा शेकडो बंदुका होत्या. पाटकुळ्यातच आणखी दहा होत्या, त्यांतल्या दोन विकायलाही काढलेल्या. त्या सोडून संघानं हीच पुढे केली होती. जोपर्यंत प्रकरण कोर्टात, तोपर्यंत या नळीला कोणी हात लावणार नाही. आणि जिंकले तर ती पुंडलिकच्या घरी. एसटी घाट उतरेपर्यंत मंदाकिनीच्या मनात हे सगळं एकापुढे एक येऊन उभं राहिलं.

पुंडलिक दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. त्याला वकिलांचा फोन गेला होता.

"सही रवली म्हणे."

"कलम सात खोटा आसा, भावजी. त्या वर्षी बंदूक माझ्या माळ्यार होती."

"होती. म्हणून काय कोर्टात सांगशात? अकरा घरां तुरुंगात जातीत. खोटी जमा, खोटी पावती. पयलो मी."

"आनि जानू सहा वर्सां आत आसा, तेचा काय?"

पुंडलिकनं पडवीतला पाट ओढून घेतला आणि सावकाश बसला. त्याचा आवाज चढला नाही.

"वैनी, एक विचारू? तुमी मडगावाक होतात. भिवा त्या दिवशी खय होतो, ठावक आसा तुमका?"

तिनं हातातली केरसुणी खाली ठेवली.

"बंदूक तुमच्या माळ्यार. घरात तो एकटो. समजा त्याणाच उडवली आसात तर? मेलेल्या घोवाक खुनी ठरवन काय मिळताला?"

"तुमका ठावक आसा काय, त्याणाच उडवली ता?"

"माका काय ठावक नाय. मी इचारूक नाय, तुमी पन इचारू नका. तीच आपली रीत."

तो गेल्यावर मंदाकिनीनं भिंतीवरच्या भिवाच्या फोटोकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिलाही आता त्याचा संशय येतोय. पस्तीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्या माणसाबद्दल ती एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. सही केली तर ती गोष्ट कधीच कळणार नव्हती, आणि जानू आतच राहणार होता.

सुनावणी मंगळवारी होती. दोन न्यायमूर्ती होते. केळुसकर उभे राहण्याआधीच मंदाकिनी मागच्या बाकावरून उठली आणि हात जोडून म्हणाली, की तिला स्वतःला बोलायचं आहे. वकील गोंधळले. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी तिला पुढे बोलावलं.

"साहेब, मला माझी याचिका मागे घ्यायची आहे. माझी नळी वाचा. माझ्या नावानं प्रतिज्ञापत्र तयार आहे, त्यातलं कलम सात खोटं आहे. झेडपीच्या निवडणुकीत बंदूक जमा नव्हती, माझ्या घरी होती. त्या दिवसांत आमच्या इथे एक वनरक्षक मेला आणि एक माणूस जन्मठेपेवर आहे."

न्यायालयात चुळबुळ झाली. मागच्या बाकावर पुंडलिक बसला होता. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"तुम्ही जे बोलताय ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं, हे तुम्हाला कोणी सांगितलंय?"

"हो. गावानं सांगितलं."

"कोणाचा दबाव आहे का?"

"दबाव होता तो सही करण्याचा, साहेब. न करण्याचा कोणी आणला नाही."

न्यायमूर्तींनी दहा मिनिटांत आदेश सांगितला. सक्तीच नसेल तर या याचिकाकर्तीपुरता घटनेचा प्रश्न उरत नाही. नळीचं वाचन प्रयोगशाळेनं करावं. बाकीच्या याचिकाकर्त्यांचा मुद्दा कायम आहे आणि तो ऐकला जाईल. बाहेर आल्यावर केळुसकर तिला म्हणाले, "ताई, मुद्दा खरंच चांगला होता."

"मुद्दा चांगलाच आहे हो," ती म्हणाली. "लोक वाईट होते, मी धरून."

वाचन तेरा दिवसांनी आलं. एकोणीस वर्षांत चौतीस बार. त्यांतला बाविसावा बार त्या झेडपीच्या आचारसंहितेच्या मधोमध पडत होता. त्याच्या मागे-पुढे चार-चार महिन्यांत दुसरा बार नव्हता. त्या थरातलं शिसं आणि दिगंबरच्या अंगातून काढून मुद्देमालात ठेवलेले छर्रे एकाच ओतातले होते. जानूच्या नळीत तसलं शिसं कुठेच नव्हतं. महिन्याभरात उच्च न्यायालयानं जानूची शिक्षा स्थगित केली आणि तो घरी आला. आनंदी त्या दिवशी मंदाकिनीच्या बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत आली, जरा उभी राहिली आणि परत गेली.

गावात मंदाकिनीशी कोणी बोलत नव्हतं. पिठाच्या गिरणीत तिचा डबा शेवटी दळला जायचा. तिनं तक्रार केली नाही.

तपास नव्यानं सुरू झाला आणि तो इन्स्पेक्टर चौगुले या कोल्हापूरकडच्या बाईंकडे आला. दहा घरांनी दहा जबाब लिहून दिले. गोणपाटाचा आणि पावत्यांचा गुन्हा सगळ्यांनी कबूल केला. त्यात शिक्षा थोडी होती. आणि दहाही जबाबांत पुढे असं होतं : त्या दिवशी दिवस मावळताना आम्ही आमच्या खळ्यात (अंगणात) उभे असता, कैलासवासी भिवा गवस हे खांद्याला बंदूक लावून वरच्या बागेकडे जाताना आम्ही स्वतः पाहिले.

"आरोपी मयत, प्रकरण बंद," चौगुले मंदाकिनीला म्हणाल्या. जबाबांची फाईल त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगा. नंतर सही झाली की संपलं."

मंदाकिनीनं दहाही जबाब वाचायला घेतले. चौथ्याला ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली आणि या वेळी फक्त नावं आणि वाड्या बघत गेली.

"मॅडम, ही चार घरं नदीच्या पलीकडे. ही तीन देवळाखालच्या वाडीत, तिथून वरची बागच दिसत नाही. दिवस मावळताना नदीपलीकडून माणूस ओळखणं सोडा, माणूस आहे की ढोर, तेही कळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दहाजणांनी आपापल्या खळ्यातून एकच माणूस कसा पाहिला?"

"म्हणजे हे ठरवून लिहिलंय म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. त्यांना आपापल्या खळ्यात उभं करा आणि विचारा, कुठून पाहिलं. मी सोबत येते."

चौगुलेंनी फाईल बंद केली नाही. सकाळी साडेआठला त्या दोन शिपायांसह पाटकुळ्यात आल्या.

नदीपलीकडच्या पहिल्या घरी विष्णू धुरी खळ्यात उभा राहिला, बोट वर केलं आणि ते समोरच्या फणसावर जाऊन अडलं. "तेव्हा फणस लहान होतो," तो म्हणाला. त्या फणसाला मंदाकिनीच्या लग्नातही फळं होती. दुसऱ्या घरी म्हातारीनं सरळ सांगितलं, की कागद तयारच आला होता, आपण अंगठा दिला. कागद कोणी आणला, ते सांगायला ती तयार नव्हती. तिसऱ्या-चौथ्या घरांना तोवर बातमी पोचली होती. दोघंही बागेत गेले होते म्हणे.

मग नदी ओलांडून ते पुंडलिकच्या घरी आले. तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पायरीवर बसला होता, जणू वाटच पाहत होता. चौगुलेंनी त्याला त्याच्या जबाबातली ओळ वाचून दाखवली आणि खळ्यात उभं राहायला सांगितलं.

पुंडलिक उतरला आणि खळ्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. समोर त्याच्याच बापानं लावलेली सुपारीची बाग होती आणि तिच्यामागे डोंगराची धार. वरच्या बागेकडे जाणारी वाट त्या धारेच्या पलीकडून जात होती.

"पाटील, इथून मला सुपारी सोडून काही दिसत नाही," चौगुले म्हणाल्या. "तुम्ही भिवांना कुठून पाहिलंत?"

पुंडलिकनं सुपारीकडे पाहिलं. नंतर मंदाकिनीकडे पाहिलं. सभागृहात वळून पाहिलं होतं त्यानंतर आज पहिल्यांदाच त्यानं तिच्या नजरेला नजर दिली.

"हयसून दिसणा नाय," तो म्हणाला. "मी थय होतंय. झुडपात खाकी हाललां. माका वाटला, डुकर."

शिपायानं वही उघडली. मंदाकिनी पुढे झाली.

"आनि भिवा?"

"तो घराक होतो, वैनी. त्याका मी दुसऱ्या दिवशी सांगलंय."